सोडून दिलेला मुलूख, न कळवलेली माणसे: मांचुरिया, ऑगस्ट १९४५

३० मे १९४५ रोजी टोकियोच्या शाही लष्करी मुख्यालयाने चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियातल्या क्वांटुंग सेनेला, म्हणजे तिथल्या जपानी फौजेला, एक हुकूम धाडला. रशियाने चढाई केलीच तर सगळा मुलूख राखत बसू नका, असे त्याचे सार होते. चांगचुनहून दक्षिणेला दायरेन बंदराकडे जाणारा लोहमार्ग आणि चांगचुनहून पूर्वेला कोरियाच्या सीमेवरच्या तुमेनकडे जाणारा लोहमार्ग, या दोन रेषांच्या पोटातला त्रिकोण तेवढा धरून ठेवायचा आणि त्याच्या आडून कोरिया वाचवायचा. उरलेला मांचुरिया, म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश प्रदेश, वेळ येताच सोडून द्यायचा. सीमेवरच्या तुकड्यांनी शत्रूला जमेल तेवढे अडवायचे आणि मुख्य फौजेने मागे सरकत तोंगहुआच्या डोंगराळ भागात ठाण मांडायचे.

सोडायच्या त्या भागात, विशेषतः उत्तरेला आणि पूर्वेला सीमेलगत, जपानहून आलेली हजारो शेतकरी कुटुंबे राहत होती. सरकारनेच त्यांना तिथे नेऊन वसवले होते. त्यांना या हुकमाचा पत्ताही लागू दिला नाही.

ऑगस्ट १९४५ ची सोव्हिएत मोहीम लष्करी अभ्यासकांना फार आवडते. अमेरिकी लष्कराने १९८३ मध्ये फोर्ट लेव्हनवर्थच्या संस्थेकडून तिचा बारकाईने अभ्यास करून घेतला. अशा अभ्यासांत रणगाडे, इंधन, डोंगर आणि नद्यांचा हिशेब चोख असतो. तो हिशेब मीही पुढे मांडणार आहे, त्याशिवाय प्रकरण कळत नाही. पण सेना इतक्या झटपट का कोसळली आणि नागरिक इतक्या मोठ्या संख्येने का मेले, या दोन्ही प्रश्नांची मुळे माझ्या मते ३० मेच्या हुकमात आहेत. म्हणून सुरुवात तिथून.

पोकळ झालेली सेना

क्वांटुंग सेनेचा एकेकाळी दरारा होता. १९३१ मध्ये मुकडेनजवळच्या रेल्वेस्फोटाचे निमित्त करून तिने टोकियोला न विचारता मांचुरिया घशात घातला. १९३२ मध्ये तिथे मांचुकुओ नावाचे राज्य उभे राहिले आणि चीनचा शेवटचा सम्राट पू यी याला त्याच्या गादीवर बसवण्यात आले. खरी सत्ता सेनेच्याच हाती राहिली. १९३९ च्या उन्हाळ्यात मंगोलियाच्या सीमेवर, खाल्खिन गोल नदीकाठी, सोव्हिएत सेनापती झुकोव्हने या सेनेला पहिला जबर तडाखा दिला. जपानी लोक त्या लढाईला नोमोनहान म्हणतात. पुढे १३ एप्रिल १९४१ रोजी दोन्ही देशांनी पाच वर्षांचा तटस्थता करार केला आणि ही सीमा शांत झाली.

शांत सीमेवर चांगली फौज ठेवून काय करायचे? १९४३ नंतर पॅसिफिकमधली पडझड थोपवण्यासाठी इथल्या कसलेल्या डिव्हिजन एकेक करून फिलिपिन्स, ओकिनावा आणि इतर बेटांकडे रवाना झाल्या. त्यांच्यामागोमाग तोफा गेल्या, विमाने गेली, दारूगोळा गेला. १९४५ च्या उन्हाळ्यात कागदावर २४ डिव्हिजन होत्या आणि माणसे सात लाखांच्या आसपास. पण बहुतेक डिव्हिजन त्याच वर्षी उभ्या केलेल्या होत्या. जुलैमध्ये मांचुरियातल्या जपानी पुरुषांची सरसकट भरती झाली. सुमारे अडीच लाख माणसे अशी गोळा केली. शेतकरी, कारकून, दुकानदार यांना गणवेश मिळाला, पण बंदूक प्रत्येकाला मिळालीच असे नाही. रणगाडे फोडणाऱ्या तोफा तर जवळजवळ नव्हत्याच.

या भरतीचा दुसरा परिणाम लष्करी अहवालांत एका ओळीत उरकला जातो. वसाहतींच्या गावांतून कर्ते पुरुष उचलले गेले. मागे राहिल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे, तीही नेमकी त्या मुलखात जो सेनेने सोडायचे ठरवले होते.

मॉस्कोचा वायदा, टोकियोची आशा

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे स्टालिनने रूझवेल्ट आणि चर्चिल यांना शब्द दिला होता की जर्मनी पडल्यावर दोन-तीन महिन्यांत रशिया जपानविरुद्ध उतरेल. मोबदला ठरलेला होता: दक्षिण साखालिन, कुरील बेटे, पोर्ट आर्थरचा तळ, मांचुरियातल्या रेल्वेत हिस्सा. ज्या चीनच्या भूमीवर हा सौदा होत होता त्या चीनला तेव्हा विचारलेही नव्हते. ५ एप्रिलला सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्हने जपानी राजदूत सातो नाओताके याला कळवले की तटस्थता करार पुढे चालू ठेवण्याची आमची इच्छा नाही. करार मुदतीप्रमाणे एप्रिल १९४६ पर्यंत लागू होता, आणि टोकियोने त्या एका वर्षावर भिस्त ठेवली.

एवढेच असते तर समजण्यासारखे होते. पण जुलैत परराष्ट्रमंत्री तोगो याने रशियालाच मध्यस्थ करून अमेरिकेशी तडजोड घडवण्याचा घाट घातला आणि राजपुत्र कोनोए याला खास दूत म्हणून मॉस्कोला पाठवण्याची तयारी केली. राजदूत सातो तारांवर तारा पाठवून स्पष्ट सांगत होता की इथून काही निष्पन्न होणार नाही. त्याचे कोणी ऐकले नाही. मॉस्को वेळ काढत राहिला.

सैबेरियातून पूर्वेकडे गाड्या धावताहेत हे जपानी हेरखात्याला दिसत होते. मेपासून दिवसाला वीस-तीस लष्करी गाड्या नऊ-दहा हजार किलोमीटरचा प्रवास करत होत्या. एकूण १ लाख ३६ हजारांच्या आसपास वाघिणी या कामी लागल्या. सीमेवरच्या सोव्हिएत डिव्हिजनांची संख्या चाळीसवरून ऐंशीच्या वर गेली. माणसे किती आली याचा जपानी अंदाज फारसा चुकला नव्हता. चुकली ती तारीख आणि वाट. ऑगस्ट हा तिथला पावसाळा. चिखलात कोण चढाई करील? सामानसुमान जमायलाच शरद उजाडेल, कदाचित पुढचा वसंतही. आणि पश्चिमेकडून मोठी फौज आलीच तर ती रेल्वेमार्गानेच येणार, कारण मधे मोठा खिंगान हा डोंगर आडवा पसरलेला आहे आणि त्याच्या अलीकडे निमवाळवंट. रणगाड्यांना तिथे वाटच नाही.

रशियाला हवा तसा हा समज होता. शत्रूने जो रस्ता अशक्य म्हणून बिनधोक सोडला, तिथूनच मुख्य घाव घालायचे ठरले.

माणसांची निवड

सुदूर पूर्वेच्या सर्व सोव्हिएत फौजांचा प्रमुख म्हणून मार्शल अलेक्सांद्र वासिलेव्हस्की आला. प्रवासात त्याचे नाव होते कर्नल जनरल वासिलिएव्ह. मालिनोव्हस्की आणि मेरेत्स्कोव्ह हे दोन मार्शलही खोट्या नावांनी, खालच्या हुद्द्याची पदचिन्हे लावून पोचले. फौजा रात्री हलत, दिवसा झाकून ठेवल्या जात, आणि सीमेवरचे रोजचे जीवन मुद्दाम जसेच्या तसे चालू ठेवले होते.

तीन आघाड्या आखल्या. पश्चिमेकडून, मंगोलियातून, मालिनोव्हस्कीची ट्रान्सबैकल आघाडी. पूर्वेकडून, व्लादिवोस्तोकच्या बाजूने, मेरेत्स्कोव्हची पहिली सुदूर पूर्व आघाडी. उत्तरेकडून, अमूर नदीपलीकडून, पुर्काएव्हची दुसरी. एकूण माणसे पंधरा लाखांहून जास्त, तोफा आणि उखळी तोफा सव्वीस हजारांवर, रणगाडे आणि तोफगाड्या साडेपाच हजार, विमाने साडेतीन हजारांहून अधिक. पूर्व-पश्चिम दोन्ही जबडे चांगचुन-मुकडेनच्या पट्ट्यात मिटवायचे होते.

आकडे दबदबा दाखवतात, पण मला या आखणीत सर्वांत शहाणपणाची वाटते ती सैन्यांची निवड. जर्मनीशी लढून आलेल्या डझनभर सेना उपलब्ध होत्या. त्यांपैकी पूर्व प्रशियातल्या काँक्रीटच्या तटबंद्या फोडलेल्या पाचव्या आणि एकोणचाळिसाव्या सेनांना जपानी तटबंद्यांसमोर ठेवले. कार्पेथियन डोंगरांत लढलेल्या सहाव्या गार्ड्स रणगाडा सेनेला आणि त्रेपन्नाव्या सेनेला खिंगानची वाट दिली. करेलियाच्या जंगल-दलदलीत सेना चालवलेल्या मेरेत्स्कोव्हला पूर्वेची रानाने भरलेली आघाडी दिली. ज्याने जे आधी केले आहे तेच त्याला पुन्हा करायला सांगितले.

खिंगान

८ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता मॉस्कोत मोलोतोव्हने सातोला बोलावले. सातो मध्यस्थीवर उत्तर मिळेल म्हणून गेला. त्याला युद्धाचा जाहीरनामा वाचून दाखवण्यात आला. उद्यापासून, म्हणजे ९ ऑगस्टपासून, युद्ध. मांचुरियात तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. ‘उद्या’ उजाडायला एक तास होता. सातोने पाठवलेली तार टोकियोला पोचलीच नाही. बातमी कळली ती पहाटे सोव्हिएत रेडिओवरून. क्वांटुंग सेनेचा सरसेनापती यामादा ओतोझो त्या वेळी मुख्यालयात नव्हता, दायरेनला गेला होता.

मध्यरात्रीनंतर मंगोलियाच्या तामसाग-बुलाग या पूर्वेकडे घुसलेल्या टोकातून आंद्रेई क्रावचेन्कोची सहावी गार्ड्स रणगाडा सेना निघाली. हजाराच्या आसपास रणगाडे आणि तोफगाड्या. समोर जवळजवळ कोणी नव्हते. पहिल्या दिवशी तिने दीडशे किलोमीटरच्या आसपास मजल मारली. उन्हाने तापलेले माळरान, पाण्याचा टिपूस नाही; जमावाच्या ठिकाणी सोव्हिएत इंजिनियरांनी आधीच विहिरी खोदून ठेवल्या होत्या म्हणून निभावले.

१० आणि ११ ऑगस्टला डोंगर लागला. खिंगानची पश्चिमेकडची चढण बेताची आहे, पूर्वेकडचा उतार तीव्र. खिंडी अरुंद, तळाशी दलदल, आणि त्यात पाऊस सुरू झाला. रणगाडे एकामागे एक, रांगेने चढत होते. उतारावर ओल्या मातीवरून घसरणारा तीस-बत्तीस टनांचा रणगाडा आवरणे हे चालकाच्या कौशल्याचे आणि नशिबाचे काम. ट्रकांना ओढून काढावे लागे. अमेरिकेहून आलेल्या शर्मन रणगाड्यांना इंधन फार लागत होते, म्हणून ते दल मागे ठेवून टी-३४ चे दल पुढे काढले. या खिंडींत एखादी जपानी तुकडी चार तोफा घेऊन बसली असती तर काय झाले असते, हा प्रश्न विचारावासा वाटतो. ती बसली नव्हती. तिथून कोणी येणार नाही असे ठरलेले होते.

१२ ऑगस्टला आघाडीच्या तुकड्या पूर्वेच्या मैदानात उतरल्या, आणि तिथे टाक्या कोरड्या पडल्या. मोहिमेतला सर्वांत नाजूक क्षण हाच. रणगाडे दोनएक दिवस उभे राहिले. इंधनाचे ट्रक डोंगरापलीकडे चिखलात रुतलेले. शेवटी वाहतुकीची विमाने कामाला लागली आणि त्यांनी मोहीम संपेपर्यंत दोन हजार टनांच्या आसपास इंधन आकाशातून आणून पोचवले. जपानी विमानदळ शाबूत असते तर ही सेना त्या मैदानात अडकून पडली असती. पुढे तोंगलियाओनंतर पावसाने सगळे शिवार पाण्याखाली गेले, तेव्हा रणगाडे रेल्वेच्या भरावावर चढले आणि रुळांवरून, एकाच्या मागे एक, मुकडेनच्या दिशेने सरकत राहिले.

वाटेत बगल देऊन मागे टाकलेली ठाणी काही लगेच पडली नाहीत. हायलारची तटबंदी १८ ऑगस्टपर्यंत लढली. खिंगानमध्ये अडकलेली १०७ वी जपानी डिव्हिजन ऑगस्ट संपेस्तोवर लढत होती. आणखी दक्षिणेला प्लिएव्हचे सोव्हिएत-मंगोल घोडदळ गोबी ओलांडून कालगानकडे गेले.

मुदानजियांग

पूर्वेकडे चित्र वेगळे. ९ ऑगस्टच्या पहाटे एक वाजता मेरेत्स्कोव्हच्या आघाडीवर तोफांचा भडिमार व्हायचा होता. पण विजांसह मुसळधार पाऊस कोसळू लागला आणि भडिमार रद्द झाला. पायदळाच्या तुकड्या त्या काळोखात, पावसाच्या आवाजाच्या आडून, जपानी चौक्यांमध्ये घुसल्या. सुइफेनहेजवळच्या कित्येक बंकरांतले सैनिक जागे होण्याआधीच मागची वाट बंद झाली होती. पलीकडे जंगलात रणगाड्यांनी झाडे पाडून रस्ता केला आणि मागून येणाऱ्या इंजिनियरांनी तेच ओंडके चिखलावर अंथरले.

तरीही इथे जपानी पाचव्या सेनेने मुदानजियांग शहरापुढे फळी उभी केली. १२ ते १६ ऑगस्ट या पाच दिवसांत इथे मोहिमेतली सर्वांत रक्तरंजित लढाई झाली. तोफा कमी पडल्या तेव्हा जपानी सैनिक अंगाला स्फोटके बांधून रणगाड्यांखाली गेले. नव्याने भरती झालेली पोरे होती ती. सोव्हिएत सेनेने समोरून धडका दिल्या, मार खाल्ला, आणि मग दक्षिणेकडची दले वळवून शहराला बगल दिली. १६ ऑगस्टला मुदानजियांग पडले. उसुरीकाठचा हुतोऊ किल्ला तर २६ ऑगस्टपर्यंत तग धरून होता. जपानने शरणागती जाहीर करून तेव्हा अकरा दिवस झाले होते.

‘पोकळ सेना होती, कोसळली’ एवढ्यावर हे प्रकरण संपवणारे लोक मुदानजियांग विसरतात. जिथे सेनापतीला थोडा वेळ मिळाला आणि काय करायचे हे माहीत होते, तिथे अपुऱ्या शस्त्रांची फौजही पाच दिवस लढली. पश्चिमेला ती वेळच मिळाली नाही. मला तर वाटते, बंदुकांच्या तुटवड्याइतकाच गोंधळलेल्या हुकमांनीही या सेनेचा घात केला.

त्या गोंधळाचे उदाहरण म्हणजे तिसऱ्या प्रदेश सेनेचा सेनापती उशिरोकू जुन. ठरल्याप्रमाणे त्याने तोंगहुआच्या डोंगरांकडे माघार घ्यायची होती. त्याने ती मानली नाही आणि १० ऑगस्टला आपल्या फौजांना चांगचुन-मुकडेन लोहमार्गाकडे वळवले, कारण त्या मार्गावर जपानी नागरिकांची मोठी वस्ती होती. वरिष्ठांनी त्याला आवरण्याचा प्रयत्न केला; आधीचे हुकूम फिरले, नव्यांचा मेळ बसेना आणि अर्ध्या फौजा रस्त्यातच राहिल्या. लष्करी दृष्टीने उशिरोकू चुकला असे अभ्यासक म्हणतात. मला त्याच्याविषयी इतके सहज बोलता येत नाही. नागरिकांचा विचार करून काही वेगळे करू पाहणारा वरच्या फळीतला तो एक माणूस दिसतो, आणि योजनेत नागरिकांना जागाच नसल्यामुळे त्याची धडपड फक्त अव्यवस्था ठरली.

रात्रीच्या गाड्या

चांगचुन तेव्हा मांचुकुओची राजधानी होती. जपानी तिला शिनक्यो म्हणत. सोव्हिएत विमानांनी पहिल्याच रात्री तिथे बॉम्ब टाकले. १० च्या रात्रीपासून तिथून नागरिकांना दक्षिणेकडे हलवण्यासाठी गाड्या सुटू लागल्या. त्यांतून सुमारे ३८ हजार लोक बाहेर पडले. त्यांपैकी वीस हजारांवर लष्करी लोकांची कुटुंबे होती, सतरा हजारांच्या आसपास दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या नोकरांची. सामान्य नागरिकांची कुटुंबे काही शेच. लष्कराचा बचाव असा की शिस्तीमुळे त्यांच्या घरच्यांना तासाभरात गोळा करता आले. शहरातल्या लोकांना मात्र फलाटावर कोणाला आधी चढवले तेवढे दिसले. लवकरच यामादाने मुख्यालयच तोंगहुआला हलवले.

राजधानीत ही तऱ्हा, तर सीमेवरच्या वसाहतींचे काय झाले असेल? १९३६ मध्ये जपान सरकारने वीस वर्षांत दहा लाख कुटुंबे मांचुरियात वसवण्याची योजना जाहीर केली होती. नागानोसारख्या गरीब डोंगराळ प्रांतातून सर्वांत जास्त लोक गेले. १९४५ पर्यंत वसाहतवाल्यांची संख्या दोन लाख सत्तर हजारांच्या घरात होती. त्यांना मिळालेली बरीचशी जमीन चिनी शेतकऱ्यांकडून पडत्या भावाने, दांडगाईने घेतलेली होती; शेजारच्या गावांत त्यांच्याविषयी प्रेम असण्याचे कारण नव्हते. लष्कर गेले, रेल्वे बंद पडली, पूल माघार घेणाऱ्या जपानी तुकड्यांनीच उडवले, आणि या बायामुलांनी ऑगस्टच्या पावसात पायी चालायला सुरुवात केली.

१४ ऑगस्टला गेगेनमियाओच्या लामामठाजवळ अशाच एका काफिल्याला सोव्हिएत रणगाड्यांनी गाठले. बाराशे-तेराशे माणसे, बहुतेक बायका आणि मुले. हजाराहून जास्त तिथेच मेली. काही गोळ्यांनी, काही चिरडून, काहींनी स्वतःच्या हाताने आपले व मुलांचे जीवन संपवले. बाकीच्या काफिल्यांना भूक, टायफस आणि पहिल्या हिवाळ्याने गाठले. वसाहतवाल्यांपैकी जवळपास ऐंशी हजार माणसे परतली नाहीत. सोव्हिएत सैनिकांनी शहरांत लूट आणि बलात्कार केले, त्यातून चिनी आणि कोरियन स्त्रियाही सुटल्या नाहीत. हे पुष्कळांनी नोंदवून ठेवले आहे.

याच दिवसांत हार्बिनजवळच्या पिंगफांगला युनिट ७३१ च्या इमारती सुरुंग लावून उडवल्या जात होत्या. जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग करणाऱ्या त्या केंद्रात उरलेल्या कैद्यांना आधी मारून टाकले. हे लपवायला सेनेकडे माणसे होती, वेळ होता, स्फोटके होती.

विजय नेमका कुठवर?

‘दहा दिवसांत मांचुरिया जिंकला’ असे वाक्य या मोहिमेविषयी हमखास वाचायला मिळते. तारखा नीट लावल्या तर ते टिकत नाही. १५ ऑगस्टला सम्राट हिरोहितोचे भाषण रेडिओवरून झाले. त्या दिवशी सोव्हिएत रणगाडे खिंगान उतरले होते, पण चांगचुन, मुकडेन, हार्बिन यांपैकी एकही शहर हाती आले नव्हते. क्वांटुंग सेनेला लढाई थांबवण्याचा हुकूम १६-१७ ला मिळाला. १९ ला तिचा चीफ ऑफ स्टाफ हाता हिकोसाबुरो झारिकोवो गावी वासिलेव्हस्कीपुढे उभा राहिला आणि शरणागतीच्या अटी ठरल्या. म्हणजे लढाईची खरी कसोटी ९ ते १६ या आठवड्याची. त्या आठवड्यात सोव्हिएत सेनेने जे केले ते थक्क करणारे आहे. त्यानंतरची धाव मात्र वाटाघाटीच्या टेबलावर बसण्याआधी जास्तीत जास्त भूमी पायाखाली घालण्याची होती.

ती धाव विमानांनी झाली. १८ ला हार्बिनला, १९ ला चांगचुन आणि मुकडेनला, २२ ला पोर्ट आर्थर आणि दायरेनला लहान लहान हवाई तुकड्या उतरल्या. मुकडेनच्या विमानतळावर उतरलेल्या सव्वादोनशे माणसांना तिथे जपानला निघालेला पू यी आयताच सापडला. नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा शेवटचा प्रवासही या घटनांशी जोडलेला आहे. १८ ऑगस्टला तैहोकूला (आजचे तैपेई) कोसळलेले ते विमान पुढे दायरेनला जायचे होते. सोबत क्वांटुंग सेनेत नेमणूक झालेला लेफ्टनंट जनरल शिदेई होता, आणि तिथून रशियनांशी संधान बांधावे असा नेताजींचा विचार होता. विमान पोचते तर त्यांना दायरेन चार दिवसांत सोव्हिएत ताब्यात गेलेले दिसले असते.

कोरियात सोव्हिएत पॅसिफिक आरमाराने उंगी आणि राजिन ही बंदरे ११-१२ ऑगस्टला घेतली. चोंगजिनला १३ ते १६ झुंज झाली. अमेरिकी सैन्य तेव्हा ओकिनावात होते, कोरियापासून दूर. १० च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना सांगण्यात आले की रशियन खाली येण्याआधी एक रेषा सुचवा. त्यांनी नकाशा पाहून ३८ वा अक्षांश निवडला. राजधानी सोल अमेरिकेच्या बाजूला राहावी एवढा विचार त्यामागे होता. स्टालिनने कुरकुर न करता ती मान्य केली. अमेरिकी सैनिक इंचॉनला उतरले ८ सप्टेंबरला. तोवर रशियन सैन्य रेषेच्या उत्तरेला थांबून होते. कोरियन माणसाला कोणी विचारले नाही. त्या रेषेवरून १९५० मध्ये युद्ध पेटले, आणि ते थांबल्यावर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण करायला १९५३ मध्ये भारतीय दल गेले. त्याचे नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात करत होते.

टोकियोत शरणागतीचा निर्णय अणुबॉम्बमुळे झाला की रशियाच्या चढाईमुळे, हा वाद अजून मिटलेला नाही. ९ ऑगस्टच्या सकाळी सर्वोच्च युद्धमंडळ बसले तेव्हा चढाईची बातमी त्यांच्यापुढे होती. नागासाकीची बातमी बैठक चालू असताना आली. माझे मत असे: हिरोशिमानंतरही लष्करी गटाला रशियाच्या मध्यस्थीची आणि तटस्थतेची आशा होती, ती ९ तारखेला तुटली. बॉम्ब आणि चढाई तीन दिवसांच्या आत एकामागोमाग कोसळल्या. त्यांचे परिणाम वेगळे काढून मोजण्याचा अट्टहास मला पटत नाही.

उरलेला हिशेब

सोव्हिएत नोंदींप्रमाणे त्यांची बारा हजारांहून थोडी जास्त माणसे कामी आली, चोवीस हजारांवर जखमी झाली. जपानी मृतांचा आकडा सोव्हिएत बाजू ८४ हजारांच्या जवळ सांगते, जपानी बाजू एकवीस हजारांच्या आसपास. २३ ऑगस्टला स्टालिनने पाच लाख जपानी कैद्यांना कामासाठी सोव्हिएत संघात नेण्याचा हुकूम दिला. प्रत्यक्षात सहा लाखांच्या घरात नेले. लाकूडतोड, खाणी, रेल्वे. सुमारे साठ हजार तिथेच मेले. शेवटचे कैदी मायझुरू बंदरात उतरले ते १९५६ च्या अखेरीस. यामादाला १९४९ मध्ये खबारोव्हस्कच्या खटल्यात जंतुयुद्धाबद्दल पंचवीस वर्षांची शिक्षा झाली होती. तोही १९५६ मध्येच सुटून आला. मांचुरियातल्या कारखान्यांची यंत्रे उखडून रशियाला गेली, जपानी शस्त्रांचा मोठा साठा चिनी कम्युनिस्टांच्या हाती लागला, आणि मे १९४६ पर्यंत पोर्ट आर्थर-दायरेनचा भाग वगळता सोव्हिएत सेना माघारी गेली.

पायी निघालेल्या त्या काफिल्यांतून हजारो मुले मागे राहिली. आयांनी काहींना चिनी घरांत सोपवले, काही वाटेवर सापडली. ज्यांची जमीन गेली होती त्याच शेतकऱ्यांपैकी कित्येकांनी त्यांना वाढवले, आणि पुढे सांस्कृतिक क्रांतीत या घरांना त्याची किंमतही मोजावी लागली. जपान आणि चीनचे संबंध १९७२ मध्ये पूर्ववत झाले, तरी या मुलांना नातेवाईक शोधण्यासाठी सरकारी खर्चाने जपानला आणण्याचे काम मार्च १९८१ मध्ये सुरू झाले. तेव्हा ती चाळिशीत होती, बहुतेकांना जपानी येत नव्हते. जपान सरकारने अशी २,८०० हून अधिक माणसे अनाथ म्हणून मान्य केली. २००२ पासून त्यांतल्या सुमारे २,२०० जणांनी सरकारवर दावे लावले. बहुतेक न्यायालयांनी ते फेटाळले. १ डिसेंबर २००६ रोजी कोबे जिल्हा न्यायालयाने ६५ पैकी ६१ वादींना भरपाई मंजूर केली आणि परतीच्या वाटेत अडथळे आणल्याबद्दल, परतल्यावर पायांवर उभे राहायला मदत न केल्याबद्दल सरकारला जबाबदार धरले. पुढच्या वर्षी कायदा बदलून त्यांना पूर्ण मूळ निवृत्तिवेतन आणि निर्वाहभत्ता मिळू लागला, आणि उरलेले दावे मागे घेतले गेले.